भट्टीचा नंबर पंच्याण्णव

मशीन चालू झाल्यावर आधी काय उठवायचं आणि मागाहून काय, हे माणसांच्या हुद्द्यावरून ठरवायचं नसतं. एवढी साधी गोष्ट मला आखातात, दुबईपलीकडे, रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात ओरडून सांगावी लागली. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की डोकं तापतं. आणि ते निवावं अशी माझी इच्छाही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथे कॉम्प्युटर विभागात होते. कारखान्याच्या मुख्य मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम बसवायचं ठरलं, ती मीच बसवली. अशा सिस्टिममध्ये वीज आली की पहिल्यांदा एकच प्रोग्रॅम जागा होतो आणि मग तो बाकीच्यांना उठवत जातो. डिस्क, नेटवर्क, मग ज्याची त्याची कामं. कुणाला कधी उठवायचं ते आपण लिहून द्यायचं. तेव्हा दोन पद्धती चालायच्या. एकीत सगळं एकाच लांबलचक फाइलमध्ये, वरून खाली वाचत जायचं. दुसरीत प्रत्येक कामाची वेगळी फाइल आणि तिला नंबर. लहान नंबर आधी, मोठा नंतर, आणि पहिल्याचं आटोपल्याशिवाय दुसऱ्याला हाक नाही.

माझं म्हणणं तिसरंच होतं. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहा, मला आधी काय काय लागतं. भट्टीचं तापमान नोंदवणाऱ्या प्रोग्रॅमला डिस्क लागते आणि भट्टीकडून आलेली वायर लागते. बस. त्यावरून क्रम मशीन स्वतः लावेल आणि एक अडला म्हणून दुसरा खोळंबणार नाही. दोन आठवडे खपून मी तशी स्क्रिप्टही लिहिली होती.

आमचे आयटी मॅनेजर पुण्याचे, मोठ्या कॉलेजातले इंजिनियर. त्यांनी ती पूर्ण वाचलीसुद्धा नाही.

"अहो मॅडम, बी.एस्सी.वर ऑपरेटिंग सिस्टिम डिझाइन करायला निघालात? सगळं जग नंबर लावतं, आपणही लावू."

मी बी.एस्सी. होते आणि आहे. वडील खलाशी, आई अंगठा लावायची. आमच्या घरात डिग्रीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या नावाचा. कॉलेजला जायला मी पहाटे तरीवर बसून खाडी ओलांडायचे. त्या कागदाला कुणी हसलं की माझी कानशिलं गरम होतात. पण त्या दिवशी मी गप्प बसले आणि नंबर लावले. चुकलंच माझं.

नंबर लावले तेही निदान कामाच्या हिशोबाने. भट्टी वीस, फायनान्स चौतीस. यादी मॅनेजरांच्या केबिनबाहेर लागली आणि फायनान्सचे साहेब चष्मा कपाळावर चढवून तिच्यासमोर उभे राहिले.

"फायनान्स चौतीस? और भट्टी बीस? हम लोग भट्टी के नीचे आते हैं क्या?"

मॅनेजर हसले, "सर, टायपिंग मिस्टेक," म्हणाले. दुपारपर्यंत नवी यादी लागली. फायनान्स वीस, सेल्स एकवीस, एचआर बावीस, असं साहेब लोकांच्या ग्रेडप्रमाणे उतरत उतरत भट्टी पंच्याण्णव.

"सर, ही लग्नातल्या मानपानाची यादी नाही," मी म्हटलं.

"दोन मिनिटं उशिरा उठेल तुमची भट्टी. कोण मरतंय?"

भट्टीवर एक चाचा होते, दापोलीकडचे, वीस वर्षांचे जुने ऑपरेटर. मराठी बोलायला मिळावं म्हणून चहाच्या वेळी माझ्याकडे यायचे, मला बाय म्हणायचे. त्या दोन मिनिटांपायी ज्यांची नोकरी मरता मरता वाचली ते हेच.

उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. जनरेटर लागला, पण तेवढ्यात भट्टीचे बर्नर विझले होते. चाचांनी ते पेटवले, तरी आतला बराच माल वाकला. इकडे कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला. नंबर वीस, फायनान्स. हा प्रोग्रॅम उठला की दुबईच्या हेड ऑफिसला फोन लावायचा. लाइन बिझी. पुन्हा लावला, पुन्हा बिझी. चाळीस मिनिटं तो फोनच लावत बसला आणि त्याच्या मागे सगळे ताटकळले. भट्टीची नोंद तेवढा वेळ कोरी राहिली.

दुसऱ्या दिवशी एचआरने चाचांना बोलावलं. म्हणे, माल बिघडवलात आणि ते झाकायला नोंद बंद केलीत. वॉर्निंग लेटर हातात दिलं आणि व्हिसा कॅन्सलचा, म्हणजे गावी परत पाठवायचा, फॉर्म भरायला घेतला. चाचा ते पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"बाय, म्या बटनाला हात नाय लावला. तुझा मशीन काय बोलतो बघ जरा."

मशीन सगळं बोलत होतं. कोण किती वाजता उठलं, त्याची यादी मशीन स्वतःच ठेवतं. ती छापून मी जनरल मॅनेजरसमोर ठेवली. तो लेबनानचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने विचारलं, हे नंबर कोणी दिले?

"टीमने," आमचे मॅनेजर म्हणाले.

"टीम म्हणजे कोण, सर? आधीची यादी माझी होती. ही तुमची आहे."

मग मॅनेजरांनी तोडगा काढला, "ठीक आहे, भट्टीला एक नंबर देऊन टाकू."

"एक नंबरला डिस्कच उठलेली नसते! नोंद कुठे लिहायची, हवेत?"

मी सगळ्यांना मशीनच्या खोलीत नेलं, टेलिफोनची वायर उपटली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. स्क्रीन फायनान्सवर येऊन अडला. दहा मिनिटं सगळे उभे. फायनान्सचे साहेब छताकडे बघत होते. जनरल मॅनेजर "खलास" म्हणाला आणि चाचांचा फॉर्म एचआरकडून मागवून त्याने तिथेच फाडला. माझी स्क्रिप्ट बसवायचा हुकूम निघाला.

वॉर्निंग लेटर मात्र तसंच राहिलं. मी एचआरमध्ये गेले तर म्हणाले, फाइलला लागलेला कागद आम्ही काढत नाही. चूक मशीनची ठरली, मशीनला नंबर देणाऱ्याची ठरली नाही आणि डाग राहिला तो चाचांवर.

"जाऊ दे बाय," चाचा म्हणाले, "नोकरी ऱ्हायली ना."

मला त्यांचासुद्धा राग आला.

नवी स्क्रिप्ट बसवताना भट्टीच्या फाइलच्या सुरुवातीला मी इंग्रजीत चार ओळींची कॉमेंट लिहिली, मशीन वगळतं आणि फक्त माणूस वाचतो तशी. आधीचा क्रम साहेबांच्या ग्रेडप्रमाणे होता. त्यामुळे चाळीस मिनिटांची नोंद गेली. ऑपरेटरने काहीही बंद केलं नव्हतं. त्याला दिलेलं पत्र चुकीचं आहे.

"ही कॉमेंट काढा," मॅनेजर म्हणाले. "प्रोफेशनल दिसत नाही."

"पत्र काढा, कॉमेंट काढते."

ते निघून गेले. संध्याकाळी चाचा आले. मी त्यांना त्या ओळी मराठीत सांगितल्या. त्यांनी दोनदा सांगायला लावल्या.

"यात माझा नाव खय हाय?"

"ऑपरेटर म्हणजे तुम्हीच, चाचा."

"उद्या दुसरा कोन येल, त्याला काय म्हायती ऑपरेटर म्हंजे कोन? पत्रात तर माझा पुरा नाव घातलाय त्यानी."

मी खुर्ची ओढली आणि त्यांचं नाव टाकलं, वडिलांच्या नावासकट.