पूर ओसरेपर्यंत

लग्न होऊन मी भंडाऱ्याकडून भिलाईला आले, तेव्हा कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती आणि आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात नवऱ्याच्या गावची पाच-सहा माणसं राहत होती. कुणी भरतीसाठी आलेलं, कुणी भरती होऊन क्वार्टरची वाट पाहणारं. प्रत्येकाची पाळी वेगळी, त्यामुळे चूल कधी थंड नसे. गावच्या माणसाला दार बंद करायचं नाही, ही रीत मलाही मान्य होती. पण वर्षभरात नवऱ्याशी माझं बोलणं डब्याच्या पुढे गेलं नव्हतं. एक दिवस मी सांगून टाकलं, मी माहेरी जाते, परत येणार नाही. रडले वगैरे नाही.

यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "मले सुट्टी हाय. आधी समुद्र पाहू. मंग तुले भंडाऱ्याले सोडून देतो."

"समुद्र कावून?"

"तिथं आपल्या गावचं कोनी नाही."

यांच्याबरोबरच्या एका तेलुगू फिटरचं घर विशाखापट्टणमच्याही पुढे, किनाऱ्यावर होतं; तिकडे जायचं ठरलं. बस भीमुनिपट्टणमपर्यंतच जाई. पुढे खडक, ताडाची झाडं आणि लांब लांब कोळ्यांच्या वस्त्या. तांदूळ, पातेलं, कपडे सतरंजीत गुंडाळून आम्ही वळकट्या पाठीला बांधल्या आणि चालू लागलो. यांच्या पायात कारखान्याचे बूट. पहिल्याच खडकावर हे घसरले, तेव्हा बूट गळ्यात अडकवून अनवाणी चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक नाला आडवा आला. दोन्ही काठ भरून पाणी, आणि तेही उलटं, आत चढत होतं.

"पूर आला," हे म्हणाले.

"पानी त पडलं नाही. पूर कायचा?"

"वर डोंगरात पडलं असन."

आम्ही तळ्याकाठची माणसं. पाऊस नसताना पाणी चढतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे नाल्याला पूर आला की घाई करत नाहीत, काठावर बसतात. आम्हीही ताडाखाली बसलो. एखाद-दोन दिवस जातील असं धरून मी तीन दगड मांडले, भात टाकला.

काम नव्हतं, तेव्हा हे बोलायला लागले. "पहिल्या दिवशी भट्टीजवळ गेलो त पाय लटपटत होते. कोनाले सांगतलं नाही."

"मले तरी सांगाचं."

"तू कुठी एकटी सापडतेस?"

मी भात ढवळत राहिले. पाण्याकडे आमचं लक्षच नव्हतं. संध्याकाळच्या सुमारास एक म्हातारी कोळीण डोक्यावर टोपली घेऊन आली आणि सरळ नाल्यात उतरली. पाणी तिच्या घोट्याला लागत होतं! आमची मांडलेली चूल पाहून तिने समुद्राकडे हात करून खूण केली, चढतं, उतरतं, आणि इतकी हसली की टोपली सावरावी लागली.

त्यानंतर वाटेत कुठलाही ओहोळ लागला, गुडघाभर पाणी असलं, तरी हे थांबून म्हणत, "पूर हाय." मग आम्ही बसत असू.

परतताना रायपूरला नागपूरची गाडी धरली. यांनी बोलल्याप्रमाणे तिकिटं भंडाऱ्याची काढली होती. भिलाईला उतरायचं स्टेशन, दुर्ग, आधी येतं. कारखान्याची धुराडी दिसू लागली तसे हे खिडकीकडे पाठ करून बसले.

मी म्हटलं, "त्या मानसाईले जेवाले घालीन. झोपाच्या खाटा मात्र आंगनात. अन् हे तुमी सांगाचं, मी नाही."

"सांगतो," हे म्हणाले. तरी त्यांना कळलं नाही बहुतेक.

दुर्गला गाडी थांबली. मी दोन्ही वळकट्या उचलून दाराशी गेले. हे आपले बाकावरच.

"उतरा ना," मी म्हटलं. "का माह्या माहेरी एकटेच जाता?"