पुढच्या सीटवरचे केस

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बसमध्ये मी मुद्दाम तिच्या मागच्या सीटवर बसायचे. चाळिशीची कृष्णवर्णीय बाई. नाव मी कधी विचारलं नाही. तिचे सरळ, काळेभोर केस सीटच्या पाठीवरून माझ्या बाजूला लोंबायचे आणि टोकाशी डावीकडे वळायचे. माझ्या आईचेही तसेच वळायचे. मला कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा नवस फेडायला आईने ते तिरुपतीला दिले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

फेब्रुवारीत एका सकाळी ते केस नव्हते. तिचे स्वतःचे दाट, बारीक कुरळे केस होते, आणि ती त्यांना सारखा हात लावून बघत होती.

"छान दिसतायत," मी चाचरत म्हणाले.

"वीस वर्षं माझ्या केसांवर विकतचे केस शिवून घेतले. आज पहिल्यांदा ऑफिसला अशी चाललेय. भीती वाटतेय गं," ती म्हणाली. "पण ते परत नकोत. शेवटचे जे होते ना, भारतातून आलेले, ते धुतले की खोबरेल तेलाचा वास यायचा. मी खोबरेल कधी लावलंच नाही."

मला आईबद्दल सांगायचं होतं. पण तिचा हात नुकताच केसांवरून खाली आला होता.

इथे सकाळ असते तेव्हा भारतात आईकडे दिवेलागण. बसमधून उतरून मी तिला फोन केला.

"रोज या वेळी कोणीतरी माझ्या पाठीमागे येऊन बसायचं गं," आई म्हणाली. "आज कोणी आलं नाही."