सहा महिन्यांची मेहनत

चहा घ्या आधी. माझा हा गाढवपणा रिकाम्या पोटी पचायचा नाही तुम्हाला. सगळे विचारतात, "मास्तर, तुम्ही लग्न का नाही केलंत?" अहो, कुणी करू दिलं असतं तर केलं असतं की! आणि आडवं आलं कोण म्हणाल, तर मीच! ऐका आता.

साल पस्तीसच्या आसपासचं असेल. मी गिटार वाजवायचो. नाशकात तेव्हा गिटार कुणाच्या बापाने पाहिली होती? पंचवटीतले एक आजोबा मला गाठून दर वेळी विचारायचे, "ही विलायती सतार का हो?" मुंबईला गेलो होतो बी. ए. व्हायला. तिथे एका हॉटेलातल्या गोवेकर बँडवाल्यांच्या नादी लागलो आणि कॉलेज सोडून जॅझ शिकून परत आलो. माझे वडील त्याच धसक्याने गेले, असं आमची आत्या अजून चारचौघांत सांगते. तिचं तोंड कोण धरणार?

बरं, जॅझमध्ये तरी माझे काय दिवे लागले? पुढे उभा राहतो तो ट्रंपेटवाला. टाळ्या त्याला, मडमा हसून बघणार त्याच्याकडे. गिटारवाला मागे खुर्चीवर बसून एकसारखे चार-चार ठोके देतोय. आमचा बँडमास्तर मला सांगायचा, "तुझं वाजवणं कुणाला ऐकू येता कामा नये. थांबलास तर मात्र कळलं पाहिजे." ही आमची कला! शनिवारी देवळालीच्या छावणीत साहेबांच्या क्लबात ठोके द्यायचे आणि बाकीचा आठवडा नाशकात घरोघर फिरून मुलींना पेटी आणि गाणं शिकवायचं. तेव्हा मुलगी दाखवायची म्हणजे तिला एक तरी पद म्हणता यावं लागे ना! म्हणून माझी चूल पेटत होती.

पण या शिकवणाऱ्याला मुलगी कोण देणार? पाच ठिकाणांहून नकार आले. एकाने तर आईच्या तोंडावर सांगितलं, "वाजंत्र्याला सुपारी देतात हो, मुलगी नाही देत." आई त्या दिवशी जेवली नाही. मी जेवलो. मला राग आला की भूक लागते.

सहावं स्थळ नानांच्या इंदूचं. नानांचं भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान, माणूस हौशी. ते म्हणाले, "वाजवतो तर वाजवू दे. दारू पीत नाही ना? मग झालं." पत्रिका जुळली. चैत्रात आई आणि मी मुलगी पाहायला गेलो. आई आत बायकांत बसली, मी बाहेर बैठकीत नानांसमोर.

इंदू आली, पाटावर बसली. तुम्हाला खरं सांगू? मला आवडली. अगदी बघताक्षणी. हे मी तेव्हा बोललो असतो तर आज तुम्हाला चहा मी केला नसता.

नाना म्हणाले, "इंदू, म्हण एखादं पद." ती म्हणू लागली. आवाज असा मोकळा, गोड! आणि अंतऱ्यात पट्टी सुटली. झालं! माझ्यातला नवरदेव मेला आणि मास्तर उठून बसला.

"थांबा!" मी ओरडलो. "वर जाताना सूर सोडताय. परत म्हणा."

नाना दचकले. पोरीने परत म्हटलं.

"श्वास कुठे घेता? शब्द तोडून घेता? छे छे! ताठ बसा. पुन्हा!"

असं तासभर चाललं हो! पोहे गार झाले. मुलीला नाव विचारायचं राहिलं, स्वयंपाकाचं विचारायचं राहिलं. शेवटी नानांनी उपरणं सावरत विचारलं, "मग... काय वाटतं आपल्याला?"

अशा वेळी काय म्हणायचं असतं? 'कळवतो.' शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मी काय म्हणालो? "आवाज उत्तम आहे. पण सहा महिने मेहनत घ्यायला हवी."

माझ्या धंद्यात ही केवढी पसंती, तुम्हीच सांगा! बाकीच्या मुलींच्या बापांना मी "पेटी विकून टाका" म्हणत असे. नाना मात्र उठून उभे राहिले. म्हणाले, "बरं आहे." मला वाटलं, माणूस भारावला.

दुसऱ्या दिवशी त्यांची चिठ्ठी आली. 'आपले म्हणणे पटले. ते सहा महिने आपणच मुलीला शिकवावे. मंगळवार आणि शुक्रवार यावे.' मी आईला चिठ्ठी वाचून दाखवली आणि नाचलोच. "आई, जमलं! सहा महिन्यांनी लग्न!"

आई व्यवहारी. ती म्हणाली, "अरे, पण लग्नाचा शब्द कुठे आहे यात?"

"मोठ्या माणसांचं असंच असतं गं. सगळं लिहायचं असतं होय?"

"मग मी एकदा त्यांच्याकडे जाऊन विचारू?"

"छे! आपण मुलाकडचे. आपण होऊन विचारायला गेलो तर शोभेल का?"

ते तिलाही पटलं. मुलाकडच्यांनी विचारायला जायचं नाही, आणि एकदा नको म्हणालेल्या मुलाला मुलीकडच्यांनी पुन्हा विचारायचं नाही. दोन्ही घरं रीतीला अगदी पक्की!

सहा महिने मी काय शिकवलं म्हणता! फी घेतली नाही. सासऱ्याकडून फी घेतात का? नानांना वाटलं, केवढं मोठं मन! आधी मला वसंतराव म्हणायचे, ते आता मास्तर म्हणू लागले. मी म्हटलं, चला, परकेपणा गेला. आषाढात गुरुपौर्णिमा आली. इंदूने माझ्यासमोर नारळ ठेवला आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मी आपला मनात म्हणतोय, लग्नाआधीच एवढा पतिभक्तीचा सोहळा? घरी येऊन आईला सांगितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी! कुठली गुरुपौर्णिमा अन् कुठलं काय, दोघं मायलेक आनंदात!

दसरा झाला आणि नाना म्हणाले, "मास्तर, रविवारी या. ती विलायती सतारही आणा. आईंना घेऊन या, घरचंच कार्य आहे."

आता यात शंका घ्यायला जागा होती का? सांगा ना! मी नवा कोट शिवला. आईने इंदूसाठी साडी-खण घेतला. गिटार घेऊन टांग्यातून ऐटीत गेलो.

आई आत गेली. बैठकीत एक जाडजूड गृहस्थ आणि चष्मा लावलेला एक तरुण बसले होते. मला वाटलं, नानांचे नातेवाईक सुपारी फोडायला आलेत. मी घरच्यासारखा पुढे झालो. "अहो, घ्या ना पोहे! संकोच करू नका, आपलंच घर आहे." त्या तरुणाला विचारलं, "आपण मुलीचे कोण?"

तो लाजून म्हणाला, "अजून कोणी नाही."

"अहो होईल की!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नातं आजच तर जुळतंय!"

तो आणखी लाजला. तेवढ्यात नाना आले. "ओळख झाली वाटतं! हे आमचे मास्तर. इंदूचं गाणं यांच्याच हातचं. आणि मास्तर, ही मुंबईची मंडळी इंदूला पाहायला आलीत. मुलाला इंग्रजी तबकड्यांचा फार शौक, म्हणून म्हटलं तुमची सतार हवी."

मी ताडकन उठलो. नानांना पडवीत ओढलं. "नाना, आणि माझं काय?"

"तुमचं काय?"

"सहा महिने म्हणालो होतो ना मी!"

"अहो मास्तर, तेव्हाच समजलो आम्ही," नाना माझा हात धरून म्हणाले. "नापसंती इतक्या सभ्यपणे सांगणारा माणूस मी पाहिला नाही. आणि वर मुलीची उणीवही भरून काढलीत! चला, मंडळी खोळंबलीत."

तिथे तोंड उघडायला काय झालं होतं मला? आजही रात्री आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

इंदू समोर येऊन बसली. माझ्या मनात पाप आलं, लपवत नाही. तिच्या गळ्याला न पेलणारा चढा सूर दिला असता, तर पहिल्याच ओळीत आवाज फाटला असता आणि मंडळी "कळवतो" म्हणून गेली असती. बोट तिथवर नेलंही होतं. ती हळूच म्हणाली, "सूर द्या ना मास्तर." मेला हात आपोआप खाली सरकला आणि तिची पट्टी वाजली. मग काय सांगू! आयुष्यात मी तसं वाजवलं नाही. पदाखाली जॅझचे असे सूर भरले की चष्मेवाला पुढे सरकून बसला. अंतऱ्यात तिचा सूर केसभरही हलला नाही. मला अभिमान वाटत होता हो, गाढवाला!

"पसंत!" तो जाडा गृहस्थ तिथेच म्हणाला. कळवतो नाही, काही नाही. साखर वाटली.

इंदू माझ्या पाया पडायला आली. खाली वाकली असताना मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "तुम्ही सहा महिने म्हणाला होतात. मी मोजले होते, मास्तर."

मी काय म्हणालो? "सुखी राहा."

टांग्यातून आई आणि मी परत निघालो. तिनेही आत हौसेने इंदूची ओटी भरली होती, आणि मग बायकांकडून खरा प्रकार तिला कळला होता. आमच्या गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूल आला. माझे डोळे वाहत होते, मी कोटाच्या बाहीने पुसत होतो. शेवटी तिने पदर पुढे केला आणि म्हणाली, "पूस रे बाबा. लोकांचं आधी लग्न होतं, मग मुलगी होते, मग तिला शिकवून सवरून रडत सासरी पाठवतात. तुझं लग्न झालंच नाही वसंता, आणि मुलगी सासरी निघालीसुद्धा!"