लकव्याचा हात आणि टोळीचं तेल

मला लकवा मारला तेव्हा आमची म्हातारी, म्हणजे बायको, जिवंत होती. उजवा हात खांद्यापासून लटकला. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, पण तिचा भरवसा टोळीच्या तेलावर. मोहाच्या बियांचं ते तेल, थंडीत तुपासारखं थिजतं. ती वाटी चुलीजवळ ठेवून पातळ करायची आणि हात चोळायची. चोळता चोळता शिव्याही द्यायची. "उचला ना जरासा! दगड झाला काय?"

पोळ्याच्या आधी ती गेली. मग मीच डाव्या हाताने उजव्याला तेल लावायला लागलो. माणूस गेल्यावर सकाळी उठून काहीतरी करायला लागतं.

पोरगी किनवटला दिलेली. ती येऊन बसली. "बाबा, एका हातानं एकटे कसे राहान तुमी? चला माह्याकडे." मला घर सोडायचं नव्हतं. शेवटी ठरलं, आदिलाबादच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी बाई आहे, तिला हात दाखवायचा. हातात जीव उरला असेल तर मी गावात राहायचं, नसेल तर गठुडं बांधायचं. मी शब्द दिला.

बाई तेलुगू, मराठी मोडकंतोडकं बोलायची. तिने एक पट्टा काढून माझ्या कोपराखाली बांधला. त्याला आतून गोल चकत्या. स्नायूने जोर केला की त्यातली वीज चकत्यांना कळते आणि मोबाइलवर रेघ उठते, म्हणाली. माझ्या अंगात वीज आहे हे मला इतक्या वर्षांनी समजलं.

"टिकल्या लावून राह्यली काय बाई? या वयात नवरी करतं काय मले?"

ती हसली. "ताता, मूठ बांधा." ताता म्हणजे तिच्या भाषेत आजोबा.

मी मनातून बांधली. रेघ घडीत आडवी पडायची, घडीत उगाच नाचायची. चकत्या घसरत होत्या. पोरगी खाली पाहायला लागली.

बाईने हात हुंगला. "काय लावलं?"

"टोळीचं तेल. आज दोनदा चोळलं. म्हटलं, हाताची परीक्षा आहे."

"अय्यो ताता! तेल असलं की मशीनला काही कळत नाही." तिने स्पिरिटने पुसून पाहिलं. बोळा पिवळा झाला, पण काम झालं नाही. "आठ दिवस तेल बंद. रोज साबण लावा. मग या."

ते दिवस मला जड गेले. सकाळी हात नुसता मांडीवर पडलेला. पोरगी न्हाणीत बसवून साबणाने घासायची. एकदा म्हणाली, "आईनं मुरवून ठेवलं बाबा, निघूनच नाही राह्यलं," आणि रडली. मी म्हटलं, "रडू नको. जोरानं घास."

परत गेलो. चकत्या नीट बसल्या. मूठ बांधा म्हटलं, रेघ आडवीच. बाईने विचारलं, "ताता, या हाताने सगळ्यात जोराचं काम कोणतं केलं?"

"पऱ्हाटी उपटायचो. कापूस सरला की मुळासकट."

"मग आता उपटा. डोळे मिटा."

डोळे मिटले. बुडाला धरलं, टाचा रोवल्या, मागे रेटा दिला.

"बाबा!" पोरगी ओरडली.

डोळे उघडले तर रेघ उठून खाली येत होती. बोट मात्र जागचं हललं नव्हतं. बाईने पुन्हा करायला लावलं. पुन्हा उठली.

"हात चालेल का?" पोरीने विचारलं.

"ते आज नाही सांगत. जीव आहे, इतकंच सांगते. दर आठवड्याला यायचं."

वाटेत पोरगी म्हणाली, "जीव आहे म्हणजे तुमचंच खरं झालं."

"झालं."

"हात तं हालतच नाही पण."

"हालण्याचं ठरलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिला बसवर पोचवायला गेलो. खिडकीतून म्हणाली, "भाकरीचं काय करान?"

"शेजारीण दोन टाकून देते. एखाद्या दिवशी नाही दिली तं काही मरत नाही मी."

"असं तोंड काऊन चालवता बाबा?" ती म्हणाली आणि डोळे पुसले. बस हलली. मी घरी आलो, डाव्या हाताने कुलूप काढलं आणि आत गेलो.