मी ‘असेल’ म्हणाले

मंडळातल्या काकूंनी तिच्या हातात कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्या दिल्या. गच्च भरलेल्या, गाठ मारलेल्या. एक खालून गळत होती, वरणाचं पाणी.

‘ओह गुड, यू आर हिअर. दीज टू फर्स्ट, प्लीज.’

वर प्लीज. मग माझ्याकडे वळून मराठीत, ‘हीच ना गं शाळेची साफसफाईवाली?’

मी पुऱ्यांचं ताट धरून तिथेच उभी होते. ती शाळेची कुणी नव्हती. माझी पाहुणी होती. मी बोलावलं म्हणून गायला आली होती. हातावर चर्चमधला झगा होता, नुकताच लाँड्रीतून आणलेला, प्लॅस्टिकमध्ये.

मी म्हणाले, ‘असेल.’

एवढंच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे, अमेरिकेतल्या कॅरी गावातली, मराठी मंडळाच्या गणपतीची. तो शब्द अजून माझ्या तोंडात आहे.

तिचं नाव मिस अर्लीन. मी ज्या औषध कंपनीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, तिथल्या काचसामान धुण्याच्या खोलीत ती काम करायची. काळी अमेरिकन, वय पंचावन्नच्या पुढे. पहिल्या आठवड्यात मी दारात उभं राहून विचारलं, बीकर झाले का? ‘ऑलमोस्ट डन,’ ती म्हणाली, पण गाऊन. आधी चर्चमध्ये गातात तसं, डोळे मिटून. मग तेच दोन शब्द क्लबातले, असे की मलाच लाज वाटली. मग गाद्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसारखे. ती जाहिरात रेडिओवर खरंच लागायची आणि आवाज तिचाच होता. मी हसून हसून भिंतीला टेकले.

नऊ वर्षांची असल्यापासून ती चर्चमध्ये गात होती. विशीत सोल संगीताच्या एका ग्रुपबरोबर बसने उत्तरेकडे गेली. मोठमोठ्या गायकांच्या मागे उभी राहून रेकॉर्डवर गायली. नाव कुठेच नाही. आई आजारी पडली म्हणून परत आली, तर चर्चने दोन वर्षं कॉयरमध्ये, पुढे उभं राहून गाणाऱ्यांत, घेतलं नाही, क्लबात गातेस म्हणून. दोन वर्षं ती मागच्या बाकावर बसून गायली. शेवटी लोकच माना वळवून मागे बघायला लागले, म्हणून पुढे घेतलं. शुक्रवारी हॉटेलात, शनिवारी कुणाच्या मयतीला, रविवारी चर्चमध्ये. सोमवारी आमचे बीकर.

मी तिच्या घरी जेवले आहे. तिने मला आपल्या शेजारी बसवून टाळ्या शिकवल्या, कारण त्यांच्या गाण्यात माझी टाळी उलट पडायची. ‘तुझे लोक काय गातात?’ तिने विचारलं होतं. मी आमच्या वस्तीतल्या विहारातलं एक गाणं म्हटलं, वडील म्हणायचे ते. त्या गावात ते गाणं ऐकलेली ती एकटीच.

मंडळात मी ते कधीच म्हटलं नाही. मंडळात मी दुसरीच होते. वडिलांनी आमच्या शिक्षणासाठी आडनाव बदलून घेतलं होतं, गावाच्या नावाला ‘कर’ जोडून. कुणी विचारलं, मूळचे कुठले, तर मी जिल्हा सांगायची, वस्ती नाही. कुलदैवत विचारलं तर एक पाठ करून ठेवलं होतं. आरतीला टाळ्या वाजवायची. वडिलांना पत्रात लिहायची, इथे चांगले मराठी लोक आहेत. आरतीचं लिहायची नाही.

त्या वर्षी कल्चरल सेक्रेटरी काका म्हणाले, काहीतरी लोकल ठेवू या. मी मिस अर्लीनचं नाव सुचवलं. ‘काय म्हणतात त्या?’ ‘भजनंच म्हणा ना, त्यांच्या देवाची,’ मी म्हणाले. दहा मिनिटं मिळाली. हॉल म्हणजे शाळेचं कॅफेटेरिया. मी तिला स्वयंपाकघराच्या दाराने यायला सांगितलं. पार्किंग तिथून जवळ आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं काय ते मला माहीत होतं.

‘असेल’ म्हणाल्यावर मी तिच्याकडे बघितलं. बघायला नको होतं. तिला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण तिला सगळं कळलं. तिने झगा खुंटीला लावला. पिशव्या उचलल्या. बाहेरच्या मोठ्या डब्यात टाकल्या. परत येऊन सिंकवर हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. मी पुऱ्या घेऊन बाहेर पळाले.

माझी आई मंगल कार्यालयात उष्ट्या पत्रावळी उचलायची. मी तिच्याबरोबर जायची. एकदा लग्नातल्या कुणीतरी मला गुणगुणताना ऐकलं आणि मध्ये उभं करून गायला लावलं. सात वर्षांची असेन. सगळे वा म्हणाले. कुणीतरी गालाला हात लावणार होतं, ते थांबलं. मग मॅनेजर म्हणाला, ‘गाणं झालं ना? आता ती पंगत उचल.’ नुकतं वा म्हणालेल्या लोकांसमोर मी त्यांचं उष्टं उचललं. आई खाली मान घालून पुढे चालत होती. ती का बोलली नाही, याचा राग मी कितीतरी वर्षं धरला. आईला पोट होतं, दोन पोरं होती. मला काय होतं? मला पुऱ्यांचं ताट होतं.

मिस अर्लीन गायली. काय गायली. पहिल्या ओळीला पोरं गप्प झाली. शेवटी सगळा हॉल उभा. काकू माझ्या कानाशी आल्या. ‘अगं, बोलायचं नाहीस का? मला काय माहीत.’ आणि हसल्या. ‘चला, पिशव्या तर गेल्या.’

मीही हसले. हेही लिहून ठेवते.

मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले. सॉरी म्हणाले. तिने झगा मागच्या सीटवर नीट आडवा ठेवला.

‘तिला माझं नाव माहीत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘तुला माहीत होतं.’

तीन आठवडे काचसामानाच्या खोलीतून गाणं आलं नाही. नुसता पाण्याचा आवाज. मी दारापर्यंत जायची आणि परत यायची. आरशात बघायची लाज वाटायची, खरंच वाटायची.

मग दिवाळीच्या कार्यक्रमाची मीटिंग झाली, काकूंच्याच घरी. दहाबारा जण. सेक्रेटरी काका म्हणाले, ‘त्या बाईंना परत बोलवू या, काय आवाज आहे. जेवणाचंही नको बघायला, गाऊन जातील.’

मी म्हणाले, त्यांचं नाव मिस अर्लीन. म्हणाले, त्या शाळेच्या नव्हत्या हे मला माहीत होतं. काकूंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. माझी आई तुमच्यासारख्यांच्या लग्नात उष्टं उचलायची, मी उचललंय, म्हणून त्या पिशव्यांचं वजन मला माहीत होतं आणि तरी मी गप्प बसले. मग जुनं आडनाव सांगितलं. वस्तीचं नाव सांगितलं. कुलदैवत खोटं होतं तेही सांगितलं.

कुणी कपसुद्धा खाली ठेवला नाही.

‘अगं, इथे अमेरिकेत हे कोण बघतं?’ काका म्हणाले.

काकू हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, ‘तू सांगितलं नसतंस तरी चाललं असतं.’

तेव्हा मला लख्ख कळलं, यांचं इतकी वर्षं कशावर चाललं होतं ते. माझ्या न सांगण्यावर. मी कोट उचलला आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.

सोमवारी काचसामानाच्या खोलीत गेले. मीटिंगमध्ये काय बोलले ते सगळं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग फ्लास्क उजेडात धरून बघितला, डाग राहिलाय का.

‘हे तू त्यांना सांगितलंस,’ ती म्हणाली. ‘स्वयंपाकघरात सांगायचं होतं.’

आणि नळ सोडला. माफ केलं म्हणाली नाही. मी परत मागितलंही नाही. तिचं बरोबर होतं.

त्या आठवड्यात वडिलांना पत्र लिहिलं, आरतीसकट. खाली जुन्या आडनावाने सही केली. तीच आजपर्यंत करते. आता कुणी कुणाकडे बोट दाखवून मला विचारलं, ही कोण, तर मी ताट खाली ठेवते. आधी तिचं नाव सांगते. मग माझं, आडनावासकट, वस्तीसकट. तिथल्या तिथे.