घरनोंदीचं रजिस्टर

शिवराम एकोणिसाव्या वर्षी ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लागला, तो थोरल्या बहिणीमुळे. सुमित्राबाई विधवा होऊन लहान लेकीसह माहेरी परतली होती. खाडीतली कालवं विकून तिनं या पोरक्या भावाला वाढवलं आणि त्याच्या नोकरीसाठी आठ दिवस सरपंचाच्या ओट्यावर ठाण मांडलं.

पुढं शहर वाढत आलं. गाव पालिकेत गेलं, पंचायत बरखास्त झाली. दप्तराची पेटी शिवरामनं स्वतः डोक्यावरून पालिकेच्या विभाग कार्यालयात नेली. त्यातल्या घरनोंदीच्या रजिस्टरमध्ये सुमित्राबाईचं घर चौथ्या पानावर होतं. नोंद लिहिताना शाईची दौत त्यानंच धरली होती. पेटी कार्यालयाच्या माळ्यावर गेली आणि शिवराम पालिकेचा शिपाई झाला.

तीस वर्षांनी रस्ता रुंद करायचा निघाला. खाडीकडची अकरा घरं अनधिकृत ठरली. जुनी नोंद दाखवील त्याला बदली जागा मिळणार होती. विभाग अधिकारी जयप्रकाश यांनी शिवरामला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं.

"पंचायतीचं दप्तर कुठंय, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही साहेब."

"मग तुलाही माहीत नाही. तुझा पोरगा रोहन सहा वर्षं पालिकेत कंत्राटावर आहे ना? बघू त्याचं."

सुनावणीला सुमित्राबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आली. वकील नव्हता. तिनं दाराशी उभ्या असलेल्या भावाकडं बोट केलं.

"माज्याकडं कागद नाय. पन शिवाला ठाव हाय. त्याच्यासमोर लिवलंय."

साहेबांनी मान वर केली. "काय रे शिवराम?"

शिवरामनं बहिणीकडं पाहिलं नाही. "मला काय आठवत नाही साहेब. नोंद नसंल."

"नीट आठव ना शिवा," ती हळूच म्हणाली, शाळकरी पोराला सांगावं तशी.

"नव्हती नोंद," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज जरा चढलाच.

महिन्याभरानं जेसीबी आला. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून शिवरामची सही घेतली. सुमित्राबाई भांडी बाहेर आणत होती. तो चार हातांवर उभा होता, पण एका भांड्यालाही त्यानं हात लावला नाही. साहेब बघत होते.

रोहन कायम झाला. सुमित्राबाई उरणला लेकीच्या सासरी, मागच्या पडवीत राहायला गेली. अकरांपैकी एकालाही जागा मिळाली नाही.

वर्षभरानं शिवराम तिला भेटायला गेला. ती कोळंबी सोलत बसली होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "रोहनचं काम झालं?"

"झालं बाय."

"मंग बरं झालं."

तिनं नातीला चहा ठेवायला सांगितला. तेवढ्यात शेजारीण डोकावली, पाहुणे कोण म्हणून चौकशी करू लागली.

"पालिकेतनं आलेत," सुमित्राबाई म्हणाली.

चहा आला. शिवरामनं तो उभ्यानंच घेतला. बशी खाली ठेवताना त्यानं "बाय" अशी हाक मारली. तिनं कोळंबीचं ताट उचललं आणि आत जाऊन पडवीचं दार ओढून घेतलं.