शमीम आपांची मराठी

रविवारी सकाळी मी शिरूरला शमीम आपांकडं जायला निघाले होते. पायात चपला घातलेल्या, पिशवीत मेथीची जुडी. तेवढ्यात त्यांच्या नवऱ्याचा, रफीकभाईंचा फोन आला. "सुजाताताई, आज येऊ नका…" म्हणाले, आणि लगेच, "न्हाई, म्हंजे या… पन आता घाई न्हाई." पुढे त्यांना बोलता येईना आणि मलाही विचारायची गरज उरली नाही. शमीम आपा गेल्या होत्या. मी मेथी ओट्यावर ठेवली आणि एसटी स्टँडवर गेले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हणाले, "बहिणीकडं." दुसरा शब्द मला सापडला नाही.

आपा आणि मी एकाच शाळेवर होतो. शिरूर कासारच्या पुढं, माळावरच्या वस्तीतली ती जिल्हा परिषदेची शाळा. आपा तिथं लहान वर्ग सांभाळायच्या. त्यांच्या घरी दखनी उर्दू बोलली जायची, रफीकभाई बाजारात फळांचा गाडा लावायचे, आणि आपांचा सगळा जीव मराठीत. मी चकलांब्याची. शिक्षिका व्हायचं शिक्षण घ्यायला शहरात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी 'पानी' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून प्रत्येक शब्द निवडून, पाखडून मगच तोंडाबाहेर काढायची सवय लागलेली. शाळेवर हजर झाले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आपांशी अशीच पुस्तकातल्यासारखी बोलत होते. त्यांनी बराच वेळ ऐकलं, आपल्या डब्यातली भाकर मोडून माझ्या हातावर ठेवली आणि काळजीनं विचारलं, "आगं सुजाता, तू इतकी जपून कावून बोलतीस? दाढ दुखती का?" मी हसले, आणि मग एकदम रडूच आलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. जेवत राहिल्या. त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी चकलांब्याचीच मराठी बोलले.

पोरांशीही त्या तशाच वागायच्या. आमच्याकडं दिवाळी सरली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते आणि उन्हाळा लागता लागता परत येते. एका वर्षी अशीच सोनाली परत आली. तिकडच्या शाळेत पोरं तिच्या बोलण्याला हसली होती, म्हणून तिनं शाळेत तोंड उघडायचंच सोडून दिलं होतं. आपांनी तिला एकदाही "बोल" म्हटलं नाही. त्या रोज वर्गाला एखादी गोष्ट सांगायच्या आणि मधेच थांबायच्या. ज्याला वाटेल त्यानं पुढचं सांगायचं, चुकलं तरी गोष्ट तशीच पुढं जायची. सोनाली नुसती ऐकायची. मग एके दिवशी एक शेळी वर्गात शिरली आणि तक्ता खाऊ लागली. पोरांचा गलका झाला, त्यात सोनाली म्हणाली, "बाई, ही शेळी लई येडी हाय!" आपांनी शेळी हाकलली नाही. आधी खडू घेतला आणि ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. सोनाली कितीतरी वेळ फळ्याकडं बघत होती. आपण बोललेलं असं दिसतं, हे तिला तेव्हा कळलं असावं. ती वाचायला शिकली ती त्या वाक्यावर.

पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर जपून ठेवलेलं ते वाक्य पाहिलं. "हे अशुद्ध आहे," म्हणाले. आपा म्हणाल्या, "व्हय साहेब. शुद्ध नंतर करू, आत्ता कुठं बोलाया लागलीय." साहेब तेव्हा पुढच्या वर्गाकडं वळले. पण नंतरच्या बैठकीत, सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "ज्यांची स्वतःची भाषाच मराठी नाही, त्यांच्याकडून आपण काय अपेक्षा ठेवणार?" कुणीतरी हसलं. आपा खाली बघत राहिल्या. परतताना बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा धरली. मग खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "सुजाता, मी सपनात पन मराठीतच भांडते गं…" त्यांना तसं लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. काही वर्षांनी, सातवीनंतर, सोनालीचं घरच्यांनी लग्न लावून दिलं. आपा तिच्या घरी जाऊन बसल्या, हात जोडले, उपयोग झाला नाही. त्यानंतर तिचं नाव त्यांनी काढलं नाही.

सेवानिवृत्ती जवळ आलेली असताना आपांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागल्या, आणि भाषा गेली. समोरच्याचं सगळं कळायचं, पण शब्द यायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, बोलायचा सराव करून घ्या. रफीकभाईंनी ते मनावर घेतलं. गाडा बंद करून दिवसभर त्यांच्यापुढं बसायचे. हातात ग्लास धरायचे, "बोल शमीम, ये क्या है? पानी. बोल, पा-नी." आपांना घाम फुटायचा. ओठ थरथरायचे, काहीतरी भलताच आवाज निघायचा. रफीकभाई पुन्हा म्हणायचे, "नको नको, नीट. पा-नी." आपा भिंतीकडं तोंड फिरवायच्या. ते मला बघवलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर कुठल्या पोराला असं उभं केलं नाही, तिलाच म्हातारपणी रोज तोंडी परीक्षा द्यावी लागत होती… आणि परीक्षा घेणाऱ्याचं तिच्यावर जिवापाड प्रेम होतं. मी रफीकभाईंना अंगणात नेऊन म्हणाले, "भाई, त्यांना काही विचारू नका." ते चिडले. "फिर बोलेंगी कैसे?" म्हणाले, आणि डोळे पुसत आत गेले.

मग मी दर रविवारी जाऊ लागले. भाजी निवडायला घ्यायची आणि शाळेतलं, एसटीतलं काहीबाही सांगत बसायचं. मधेच थांबायचं, वाट बघायची, काही आलं नाही तर आपणच पुढं जायचं. पाऊसकाळ असाच गेला. एका रविवारी मी सांगत होते, "बसमधी एका बाईच्या पिशवीतून कोंबडी सुटली, कंडक्टर धरायला गेला, आन् कोंबडी…" मी थांबले. आपा म्हणाल्या, "पळाली." स्वच्छ, ठणठणीत. आतून रफीकभाई धावत आले आणि दारातच उभे राहिले. मी लगेच पुढं सांगत सुटले, नाहीतर तिघंही रडलो असतो. पुढं बरेच दिवस 'पळाली' हा एकच शब्द त्यांच्याजवळ होता. चहा पळाली, रफीकभाई पळाली, मीही पळाली. रफीकभाई हसायचे, आता दुरुस्त करायचे नाहीत. हळूहळू आणखी थोडे शब्द आले, काही दखनी, काही मराठी. माझं नाव मात्र शेवटपर्यंत आलं नाही.

उन्हाळ्यात दुसरा झटका आला. आलेले शब्द एकेक करून गेले. शेवटच्या रविवारी मी कसलीतरी गोष्ट सांगत होते. थांबले आणि पाहिलं तर त्यांना झोप लागली होती. पुढचं पुढच्या वेळी सांगू, असं मनाशी म्हणत मी उठले.

त्यांचा वर्ग आता माझ्याकडं आहे. आपांच्या वर्गात पोरं सतरंजीवर, मागच्या भिंतीला टेकून बसायची. कितीक वर्षांच्या डोक्यांच्या तेलानं त्या भिंतीवर पोरांच्या उंचीचा एक काळपट पट्टा उमटला होता. यंदा शाळेला रंग दिला, पट्टा गेला, बाकं आली. पहिल्या दिवशी पोरं बाकांवर रांगेत, हाताची घडी घालून बसलेली. मी बाकं बाजूला सारली, सतरंजी अंथरली आणि म्हणाले, "भिंतीला टेकून बसा." कुणी हलेना. एक मुलगी भीत भीत म्हणाली, "बाई, नवा रंग हाय… भिंत खराब होईल."

"होऊ दे," मी म्हणाले.

पोरं एकेक करून मागं सरकली. टेकली. माझ्याकडं बघत राहिली. आता गोष्ट सुरू करायची होती… मला बराच वेळ एक शब्दही सुचला नाही. पोरांनी घाई केली नाही.